माहेरचं रक्त

आदरणीय ताई,

शिवाजी पेठेत सासर आहे माझं. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. मुलाला हिमोफिलिया ए आहे, रक्त नीट न गोठण्याचा आजार, तोही तीव्र प्रकारचा. रांगायला लागला तेव्हापासून अंगावर निळे डाग दिसायचे. सव्वा वर्षाचा असताना ओठ फुटला, दोन दिवस रक्त थांबेना, तेव्हा निदान झालं. माझा भाऊ ११ वर्षांचा असताना दाढ काढल्यावर रक्त जाऊन गेला होता. तो कशानं गेला हे आम्हाला माझ्या मुलाचं निदान झाल्यावर समजलं.

सासूबाई येता-जाता म्हणतात, "तुझ्या माहेरचं रगात हाय ते. आमच्यात कुणाला असलं काय नव्हतं." मिस्टर ऐकतात आणि गप्प बसतात. मामंजी जुने पैलवान, खासबागेत कुस्त्या केलेले. नातवाला तालमीत घालायचं स्वप्न होतं त्यांचं. आता त्याच्याकडं बघून नुसते उसासे टाकतात. गुडघा सुजला की तेल लावून रगडतात, मला अडवता येत नाही. गणपतीपासून उजवा गुडघा तीन वेळा सुजला. मागच्या वेळी पोरानं दोन दिवस सांगितलंच नाही. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं की फॅक्टर, रक्त गोठवणारा घटक, टोचून देतात, सूज उतरते, पुन्हा येते. शाळेनं पन्हाळ्याच्या सहलीला नेलं नाही. पीटीच्या तासाला वर्गात एकटा बसवतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही."

मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. पुढं तिच्या लग्नाचं कसं व्हायचं? घरातले म्हणतात, बाहेर कुणाला कळू देऊ नको. धाकटी बहीण गडहिंग्लजला दिली आहे, तिला पाचवा महिना लागलाय. भाच्याला काय आहे ते तिला माहीत आहे, पण हे आपल्या रक्तातून येतं असं मी बोललेले नाही. उगीच घोर नको तिला.

हे सगळं माझ्यामुळंच झालं ना, ताई?

एक आई, कोल्हापूर

तुला तू म्हणते, चालेल ना? माझी लेक तुझ्याच वयाची असेल.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडं मी येते, पण आधी त्याच्या वरची ओळ. बहिणीला पाचवा महिना आणि तिला काही माहीत नाही, हे वाचून मी ताटावरून उठले. पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून तुला त्याच संध्याकाळी निरोप पाठवला. इथं पुन्हा लिहिते, कारण आणखी कुणाच्या घरात अशीच एक बहीण असेल.

तुझ्या आईला या आजाराचा मुलगा झाला आणि तिच्या लेकीलाही झाला. म्हणजे तुझी आई वाहक, आजाराचं जनुक पुढं पोचवणारी, यात शंका उरत नाही. मग तुझी बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी. वाहक म्हटलं की लोकांना वाटतं, बाई नुसती निरोप पोचवणारी, तिला स्वतःला काही होत नाही. पण काही वाहक बायकांचा फॅक्टर आठ, म्हणजे हिमोफिलिया एमध्ये कमी पडतो तो रक्त गोठवणारा घटक, मुळातच कमी असतो. पाळीत अंगावर फार जातं, दात काढला की रक्त ठिबकत राहतं, आणि सगळ्यात जास्त धोका बाळंतपणात. गरोदरपणी हा फॅक्टर आपोआप वाढतो. रिपोर्ट चांगला येतो, सगळे निर्धास्त होतात. बाळंतपणानंतर तो पुन्हा मूळच्या पातळीवर उतरतो आणि रक्तस्राव घरी आल्यावर सुरू होतो.

माझं तसंच झालं. माझा धाकटा भाऊ हिमोफिलियाचा. आमच्या घरी हा आजार माहीत होता, नाव माहीत होतं, पण तो पुरुषांचा आजार अशीच समजूत होती. पहिल्या बाळंतपणात नवव्या दिवशी मला जे जायला लागलं ते थांबेना. आई म्हणाली, अंगावरचं जातंय, जाऊ दे, हलकी होशील. रात्री मोरीपर्यंत गेले आणि तिथंच पडले. दवाखान्यात रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. तिथं कुणी विचारलं नाही की घरात कुणाला रक्त न गोठण्याचा आजार आहे का, आणि मीही सांगितलं नाही. उशाशी माझा भाऊ बसला होता, तरी सांगितलं नाही.

म्हणून बहिणीनं तिच्या डॉक्टरांना घरातल्या दोन्ही मुलांची गोष्ट सांगायची, तुझ्या भावाची आणि तुझ्या लेकाची. फॅक्टर आठची पातळी आत्ता एकदा आणि शेवटच्या तिमाहीत पुन्हा बघायची. पातळी चांगली आली म्हणून ती वाहक नाही असं ठरत नाही, ते जनुकाच्या तपासणीतच कळतं. आणि त्यासाठी आधी तुझ्या मुलाच्या जनुकात नेमका कुठला बदल आहे ते माहीत असावं लागतं. त्याचे कागद असतील तर आजच तिला फोटो काढून पाठव. बाळंतपण अशा ठिकाणी करायचं जिथं रक्तपेढी जवळ आहे आणि फॅक्टर मिळण्याची सोय आहे. चिमटा लावून किंवा व्हॅक्यूमनं बाळ ओढायचं नाही. मुलगा झाला तर नाळेतलं रक्त घेऊन फॅक्टरची तपासणी करायची, आणि तो रिपोर्ट येईपर्यंत बाळाच्या मांडीत कुठलंही इंजेक्शन टोचू द्यायचं नाही, जन्मल्यावर देतात ते व्हिटॅमिन केसुद्धा. ते दुसऱ्या मार्गानं देता येतं, डॉक्टरांना विचारायचं. गर्भाची तपासणी करायची की नाही हा निर्णय तिचा आणि तिच्या नवऱ्याचा. गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक आहे, पण लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांच्या तपासणीला नोंदणी असलेल्या केंद्रात त्याच कायद्यानं मुभा दिली आहे. त्यांना करायची असेल तर दिवस थोडे आहेत, आणि तुझ्या गप्प बसण्यानं ते आणखी कमी होताहेत.

घोर लागेल तिला, लागू दे. चार महिने घोर परवडला.

आता तुझा प्रश्न. तुझ्यामुळं झालं का?

बाईकडं एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, पुरुषाकडं एकच. फॅक्टर आठ बनवण्याची कृती या एक्सवर लिहिलेली असते. तुझ्या एका एक्सवर ती कृती बिघडलेली आहे, दुसऱ्यावर ठीक आहे, म्हणून तुझं भागलं. प्रत्येक मुलाला यातला एकच एक्स जातो, कुठला ते कुणाच्या हातात नाही. दर वेळी मुलगा असेल तर आजाराची शक्यता निम्मी, मुलगी असेल तर वाहक होण्याची शक्यता निम्मी. तुझ्या लेकाच्या वाट्याला बिघडलेला एक्स आला आणि त्याच्याकडं दुसरा नाही. बस, एवढंच झालं. तू उपास केला असतास, नसतास, डोहाळजेवणाला काय खाल्लंस, ग्रहणात भाजी चिरलीस का, याचा काही संबंध नाही.

सासूबाई म्हणतात ते रक्त माहेरचं आहे, हे खरंच आहे. मी त्यांना खोटं पाडायला तुला सांगणार नाही. जनुक तुझ्या आईकडून आलं. तुझ्या आईकडं कुठून आलं ते कुणी सांगू शकणार नाही, कारण तिच्याच वेळी ते पहिल्यांदा बदललेलं असू शकतं. हिमोफिलियाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत आधी कुणालाच काही नसतं, बदल नव्यानं घडतो. तुझ्या सासरच्या घरातही तो उद्या घडू शकतो, माझ्या शेजाऱ्याच्याही.

मला राग येतो तो आपल्या भाषेतल्या एका शब्दाचा. यंत्र बिघडलं तर त्यात दोष, आणि माणसानं अपराध केला तरी त्याचा दोष. डॉक्टर सहज बोलून जातात, आईच्या जनुकात दोष आहे. सासू ऐकते, नवरा ऐकतो, आणि बाई घरी येते ती आरोपी होऊनच. माझ्या आईनं हा शब्द आयुष्यभर वागवला. भावाचा गुडघा सुजला की देवापुढं उभी राहून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची. मी लहान होते, दाराआडून बघायची. तू तसं करत असशील तर थांब. तुझी पोरगी दाराआड असेल.

भावाच्या लहानपणी आमच्याकडं फ्रिज नव्हता. रात्री दुखायला लागलं की वडील सायकल काढून बर्फाच्या कारखान्यावर जायचे, गोणपाटात भुसा घालून लादीचा तुकडा बांधून आणायचे. आई तो फडक्यात कुटून गुडघ्याभोवती लावायची. सकाळी एसटीनं मोठ्या दवाखान्यात न्यायचं, तिथं प्लाझ्मा चढवायचा. पोचेपर्यंत सांध्यात रक्त भरून गुडघा कलिंगडासारखा घट्ट झालेला असायचा. आज तो ५८ वर्षांचा आहे. मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात हिशेब बघतो, संसार आहे. उजवा गुडघा मात्र तीस अंशांच्या पुढं सरळ होत नाही. तुझ्या लेकाचाही उजवाच आहे म्हणालीस, म्हणून मी जरा कठोर बोलणार आहे.

सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन वेळा आपोआप रक्तस्राव झाला की डॉक्टर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. सांध्याच्या आतलं अस्तर त्या रक्तानं सुजतं, सुजलेल्या अस्तरात नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्या पुन्हा फुटतात. सूज उतरली म्हणजे बरं झालं असं नाही. आत कूर्चा झिजत असते. गणपतीपासून तीनदा म्हणजे तू आता नुसती सूज आली की सीपीआर गाठायचं, यावर राहू नकोस. पुढच्या भेटीत स्वतःहून विचार: सूज यायच्या आधीच नियमित फॅक्टर सुरू करता येईल का? तुझ्या मुलाचा प्रकार तीव्र, म्हणजे त्याच्या रक्तात फॅक्टर आठ १ टक्क्याहूनही कमी, जिथं निरोगी माणसाचा ५० ते १५० टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी असतो. टोचलेला फॅक्टर ८ ते १२ तासांत निम्म्यावर येतो, म्हणून नियमित उपचारात तो आठवड्यातून दोन-तीनदा द्यावा लागतो. एमिसिझुमॅब नावाचं दुसरं औषध आहे. ते शिरेत न देता कातडीखाली देतात, आठवड्यातून, पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एकदा. महाग आहे. सरकारी केंद्रातून आपल्या मुलाला मिळू शकेल का, हे विचारायला लाजू नकोस. आणि इन्हिबिटरची तपासणी शेवटची कधी झाली तेही विचार. टोचलेला फॅक्टर शरीराला परका वाटतो आणि रोगप्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध उठते, असं तीव्र प्रकारातल्या साधारण चारांतल्या एका मुलात होतं. मग कितीही फॅक्टर द्या, लागू पडत नाही. वारंवार सूज येतेय त्यामागं हेही असू शकतं.

फॅक्टर घरी द्यायला शिकता येतं. सुरुवातीला नर्सबाई हात धरून शिकवतात. भुकटीच्या बाटलीत पाणी सोडायचं आणि बाटली दोन तळव्यांत धरून अलगद फिरवायची, आपण पुरणाचा उंडा फिरवतो तशी. हलवायची नाही, फेस होतो. पहिल्यांदा तुझे हात थरथरतील. दहाव्यांदा पोरगा म्हणेल, आई, ही शीर नको, ती घे.

आता मामंजी. त्यांचा हात प्रेमाचा आहे, पण सुजलेला गुडघा रगडला की आतला रक्तस्राव वाढतो. हे त्यांना तू सांगून पटणार नाही, आणि मला वाटतं तू सांगूही नयेस. तुझ्या नवऱ्यानं त्यांना एकदा ओपीडीत घेऊन जावं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं. पैलवान माणूस शरीर जाणतो. कुस्तीत गुडघा मोडलेल्या गड्याला लगेच मातीत उतरवत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवायला नको. सूज आली की रगडायचं नाही, शेकायचं नाही. फॅक्टर शक्य तितक्या लवकर, पाय उशीवर, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. ऍस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक चालत नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दिलं तरी नाही. डोक्याला मार लागला तर वर काही दिसो न दिसो, आधी फॅक्टर, मग स्कॅन. पोटाच्या खाली जांघेत दुखतंय आणि पाय पसरता येत नाही म्हणाला तर अपेंडिक्स समजून बसू नका, तिथल्या मोठ्या स्नायूत रक्तस्राव झालेला असू शकतो. ज्योतिबाला जा, अंबाबाईची ओटी भर, मन शांत होतं. डाग द्यायला किंवा अनोळखी पुडी खाऊ घालायला मात्र कुणाच्या दारात नेऊ नका.

पोरानं दोन दिवस सांगितलं नाही. हे मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त लागलं. रक्तस्राव सुरू व्हायच्या वेळी बाहेरून काही दिसत नाही, पण आत मुलाला कळतं. माझा भाऊ म्हणायचा, गुडघ्यात मुंग्या चालायल्या. कुणी म्हणतं गरम वाटतंय, कुणी म्हणतं भरल्यागत झालंय. त्या पहिल्या तासा-दोन तासांत फॅक्टर गेला तर बहुतेक वेळा मोठी सूज येत नाही. म्हणजे या घरात सगळ्यात मोलाचा डॉक्टर तो नऊ वर्षांचा पोरगा आहे, आणि तो बोलत नाहीये. का बोलत नाही ते बघ. आजोबा उसासा टाकतात, आजी माहेर काढते, आई रडते, सुईचं भय वेगळंच. त्यानं हिशेब केला की न सांगितलेलं बरं. मी तुझ्या जागी असते तर त्याला सांगितलं असतं, मुंग्या चालल्या की सांगायचं, रात्री दोनला सांगितलंस तरी मी उठेन आणि रडणार नाही. आणि खरंच रडले नसते, निदान त्याच्यासमोर.

मामंजींच्या स्वप्नाचं काय? कुस्ती, कबड्डी, पेठेतला फुटबॉल, हे त्याच्यासाठी नाही. हे आडवळणानं सांगू नका, सरळ सांगा. त्यालाही वाईट वाटू द्या, आजोबांनाही. पण व्यायाम त्याला इतर मुलांपेक्षा जास्त लागतो. मांडीचे स्नायू बळकट असले की गुडघा सांभाळला जातो. फिजिओथेरपिस्टनं ठरवून दिलेले व्यायाम रोज करून घ्यायला शिस्तीचा माणूस लागतो, आणि तुमच्या घरात आयुष्यभर पहाटे चारला उठलेला माणूस बसून आहे. पोहणं तर या मुलांना सगळ्यात मानवतं, सांध्यावर भार येत नाही. मामंजींच्या पिढीचे बहुतेक गडी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. नातवाला टँकवर त्यांनीच न्यावं, सोबत शिकवणारा असावा, वरून उड्या मारायच्या नाहीत. आधी डॉक्टरांना विचारायचं, सूज पूर्ण उतरू द्यायची, शक्यतो फॅक्टर घेतलेल्या दिवशी जायचं. आजोबांचा उसासा थांबायला मला दुसरा उपाय दिसत नाही.

शाळेचं सांगते. या शहराला अपंगत्व नवं नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथंच हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. चाकाच्या खुर्चीतला माणूस कोल्हापूरकरांनी मानानं वागवलेला आहे. डोळ्यांना न दिसणारं अपंगत्व मात्र आपल्याला अजून ओळखता येत नाही. एक तर मूल धडधाकट वाटतं आणि मास्तर पळायला लावतात, नाहीतर काचेचं समजून कोपऱ्यात बसवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे तीन आजार आहेत. याच कायद्यानं शाळेनं भेदभाव न करता सामावून घ्यायचं, खेळात आणि इतर उपक्रमांतही संधी द्यायची, असं बंधन आहे. सरकारी दवाखान्यातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा आणि पुढं उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांत मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत. हा अन्याय आहे असं माझं मत आहे, पण तुला खोटी आशा नको.

कायदा पर्समध्ये ठेव, हातात घेऊन जाऊ नकोस. मुख्याध्यापिका घाबरलेल्या आहेत, त्यांना काय करायचं ते माहीत नाही, म्हणून त्या जबाबदारी नाकारतात. डॉक्टरांकडून मराठीत एक पानाचं पत्र घे: काय चालतं, काय चालत नाही, लागलं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. साधं खरचटलं तर पाच-दहा मिनिटं दाबून धरलं की थांबतं, या मुलांचं रक्त नळासारखं वाहत नाही, हे वर्गशिक्षिकेला कळलं की तिचा अर्धा जीव खाली बसेल. पीटीच्या सरांना वेगळं भेट. दप्तरात एक कार्ड राहू दे: हिमोफिलिया ए, तीव्र, फॅक्टर आठ, रक्तगट, स्नायूत इंजेक्शन नको, ऍस्पिरिन नको. पुढच्या सहलीला गरज पडली तर तूच जा बरोबर, पण त्याच्या शेजारी बसू नकोस, मागच्या सीटवर बस. एवढं सगळं करून शाळा ऐकली नाही तर मग कायदा बाहेर काढ.

मुलीला या आठवड्यात सांग. १४ वर्षांची आहे, पाळी सुरू झाली असेल. तिला किती जातं, किती दिवस, मोठ्या गाठी पडतात का, हे विचार आणि फॅक्टर आठची पातळी तपासून घे. त्याला वय लागत नाही, ते तिच्या सुरक्षिततेसाठी आहे. ती वाहक आहे की नाही याची जनुकीय तपासणी मात्र माझ्या मते तिला समजून, तिच्या मर्जीनं व्हावी. दोन-चार वर्षं थांबलीस तर बिघडत नाही. आपल्याकडं उलटं करतात: पाळीचं बोलत नाहीत आणि तपासणी गुपचूप उरकून रिपोर्ट कपाटात ठेवतात.

लग्नाचं विचारलंस. माझ्या लेकीच्या वेळी मी दुसऱ्या बैठकीला सांगितलं. पहिल्या स्थळाला सांगितलं, त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. लेक रात्री जेवली नाही, मी स्वतःला खूप बोल लावला. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या वडिलांनी डॉक्टरांचा नंबर मागून घेतला, चार दिवसांनी फोन आला, आम्ही जाऊन सगळं समजून आलो, पोरांचं पोरांना ठरवू दे. आज माझा नातू सात वर्षांचा आहे, त्याला आजार नाही. असता तरी जावयाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. न सांगता लग्न झालं असतं आणि मग असं मूल झालं असतं, तर आज तुझ्या स्वयंपाकघरात जे ऐकू येतं तेच तिच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं असतं. आणि तुझ्या लेकाचंही लग्न होईल, हे आत्ताच घरात सांगून टाक. त्याच्या मुलग्यांना हा आजार जाणार नाही, कारण बाप मुलग्याला एक्स देत नाही. मुली मात्र सगळ्या वाहक होतील. हे त्याला योग्य वयात तू सांग.

घरातले म्हणतात बाहेर कळू देऊ नको. तुझा भाऊ ११ वर्षांचा असताना खुर्चीत बसला तेव्हा दाढ काढणाऱ्याला माहीत नव्हतं, तुझ्या आईला माहीत नव्हतं. त्यात कुणाचा अपराध नव्हता. आता तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. फॅक्टरची तयारी ठेवली, नंतर रक्ताची गुठळी टिकवणारं औषध दिलं, तर या मुलांचे दातही सुखरूप निघतात. आधी सांगितलेलं असलं तर.

नवऱ्याचं एक राहिलं. तो गप्प बसतो याचा अर्थ त्याला पटतं असा नसेल. पुरुषांना आईपुढं बोलायची सवय नसते. पण सासूबाईंना उत्तर द्यायचं काम त्याचं आहे, तुझं नाही. त्याला हे पत्र वाचायला दे. एवढं एकच वाक्य म्हणायचं आहे त्यानं: "आई, पोरगा ऐकतोय."

अशोक वर्मा नावाच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णानं १९८३ साली हिमोफिलिया फेडरेशन सुरू केली. तिच्या शाखा महाराष्ट्रात आहेत, पुण्यातही आहे. तुमच्या डॉक्टरांकडून जवळच्या शाखेचा पत्ता घे आणि एकदा सगळे मिळून मेळाव्याला जा. तिथं माझ्या भावासारखे वाकड्या गुडघ्याचे काका भेटतील, आणि वेळेवर नियमित फॅक्टर मिळालेली सरळ पायांची, कॉलेजात जाणारी पोरंही भेटतील. मामंजींना जरूर ने.

बहिणीशी बोलणं झालं की मला एक ओळ लिही. तिची तारीखही कळव.